मीठ बघणारी

आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांत अभिमन्यू राहायला आला त्याला आता सात वर्षं होतील. मूळचा सांगोल्याकडचा. गावी आईवडील, थोडी कोरडवाहू जमीन, दहाबारा शेरडं. इथे तो अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावरून हात फिरवायचा, सुटलेला धागा दिसला की कात्रीने उडवायचा, मोठा दोष असला तर खडूने खूण करायची आणि पुढचा टॉवेल ओढायचा. दिवसभर हेच काम. बायको गेल्यावर तो घरातही तसाच जगायला लागला. एक दिवस ओढायचा, हात फिरवायचा, बाजूला ठेवायचा, दुसरा ओढायचा.

मी यशोदा, त्याची घरमालकीण. एकतीस वर्षं बालवाडीत काढली, म्हणून शुक्रवार पेठेत लहानथोर सगळे मला बाई म्हणतात. माझं तोंड फटकळ आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. मी ते कधी नाकारलेलं नाही.

अभिमन्यूची बायको वैजयंती दुधनीची होती. बोलता बोलता कानडीत शिरायची आणि आपण शिरलोय हे तिला कळायचंही नाही. अंबाडीच्या भाजीला ती पुंडीपल्ले म्हणायची आणि ती भाजी केली की वाटीभर मला खाली आणून द्यायची. तिची मुलगी अपेक्षा मात्र पांढऱ्यावर जगणारी. दूधभात, दहीभात आणि साखर लावलेली पोळी, बस. पोळीवर करपलेला ठिपका दिसला तर तेवढा तुकडा काढून बाजूला ठेवायची. हिरवं दिसलं की ओठ मिटलेच. आई हट्टी आणि लेक तिच्याहून सवाई. रोज संध्याकाळी जिन्यावरून मला ऐकू यायचं, "एक घास. अगं, एकच घास."

गेल्या वर्षी आषाढात वैजयंतीला ताप आला. दवाखान्यात नेलं आणि आठव्या दिवशी ती गेली. चौतीस वर्षांची होती. दवाखान्यातसुद्धा तिचा प्रश्न एकच असायचा, अपेक्षाने काय खाल्लं? अभिमन्यू सांगायचा, भाजीपोळी. ती म्हणायची, खोटं बोलू नका.

दहाव्याला मी त्यांच्या गावी गेले होते. ओढ्याच्या काठी पिंड ठेवले, सगळे मागे सरले. कावळे बाभळीवर बसले होते, पण खाली एकही उतरेना. तास झाला. मग रीत असते तसं एकेकाने बोलायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, तुझे दागिने पोरीलाच देऊ. कुणी म्हणालं, पोरीला शिकवू. कावळे हलले नाहीत. मुलगी आजोबांच्या, हिंदुरावांच्या खांद्यावरून हे सगळं बघत होती. शेवटी अभिमन्यूची आई बजाबाई म्हणाली, "पोरीच्या खाण्यात तिचा जीव गुतलाय. बोल की आभिमन्यू."

अभिमन्यूने हात जोडले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैजू, मी अपेक्षाला समदं खायाला शिकवतो. वरसाच्या आत. पानातलं समदं खाईल ती."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं मी मनात म्हटलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. (तरी तासभर मीही मान वर करून बघतच होते, हे कबूल करते.) अभिमन्यूसाठी मात्र तो योगायोग नव्हता. त्याने शब्द दिला होता आणि जिला दिला तिने तो घेतला होता.

सोलापूरला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने सुरुवात केली. ताटात पोळी, भाजी, आमटी, भात वाढायचा, मुलीला समोर बसवायचं आणि ताट रिकामं होईपर्यंत उठू द्यायचं नाही. तो ओरडायचा नाही. मारलं तर कधीच नाही. रागावला असता तर एक वेळ बरं झालं असतं, रागावलेल्या बापाशी पोर भांडू तरी शकतं. हा नुसता समोर बसून राहायचा. ती घास गालात धरून बसायची, अर्धा तास, पाऊण तास. एकदा दुपारी शाळेतून आली तेव्हा तिच्या गालात सकाळची मटकी तशीच होती. मीच बोट घालून काढली.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती मोठ्यांच्या व्यवहारासाठी आहे. एका रविवारी या माणसाने खरोखर लेकराचं नाक दाबलं. तोंड उघडलं, दोडक्याचा घास आत गेला आणि आधीच्या दूधभातासकट बाहेर आला. त्यानंतर तीन दिवस तिने दूधभातालाही हात लावला नाही.

मी वर गेले. "पी हळद आणि हो गोरी, असं असतं का रे?" मी म्हटलं. "पाच वर्षांचं लेकरू आहे. आई जाऊन दोन महिने झालेत तिची."

"वरसाच्या आत म्हणून सांगितलंय मी, बाई."

"कुणाला सांगितलंयस?"

"वैजूला," तो म्हणाला. बाजाराला जाऊन आलो म्हणावं तशा आवाजात.

मग मीच पदर खोचला. बालवाडीत शंभर पोरांना भरवलेली बाई मी, हिला भरवायला काय लागतं? दुसऱ्या दिवशी दुपारी वरणभात कालवून तिला मांडीवर घेतलं. हा घास चिऊचा म्हटलं, तो गेला. मला आतून बरंच वाटलं. मग हा घास काऊचा म्हणून दुसरा उचलला, तर तिने तोंड मिटून घेतलं. माझा हात हळूच बाजूला केला.

"बाईआजी, काऊचा घास मी खाल्ला तर आई काय खाईल?"

एकतीस वर्षं मी ते गाणं म्हटलंय. त्या दिवशी ते तिथेच थांबवलं. वाटी खाली ठेवली आणि तिचे केस विंचरत बसले. पुन्हा तिला भरवायला गेले नाही.

दिवाळी आली आणि गेली. माडीवर आकाशकंदील लागला नाही. दिवाळीनंतर एकदा अभिमन्यू वाटीत मुगाची आमटी घेऊन खाली आला. वैजयंती वाटी द्यायची म्हणून तोही देत असे, बाकी त्यात काही नसे. मी चमचाभर तोंडात घातली आणि थांबले. आमटी अळणी होती. मिठाचा कणसुद्धा नव्हता.

"तू जेवलास?"

"व्हय."

"हीच आमटी?"

"व्हय. का वं?"

"मीठ नाही रे हिच्यात."

त्याने वाटीकडे बघितलं. "मला चव लागत न्हाय, बाई. तिखट कळत न्हाय, गोड कळत न्हाय. पोटात ढकलायचं म्हणून ढकलतो."

"कधीपासून?"

"दहाव्यापासून."

डॉक्टरने जीभ बघून गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या, संपल्या. त्याची तक्रार नव्हती. मला चव गेल्यापेक्षा त्याच्या त्या सपाट आवाजाची भीती वाटली. हा माणूस चार महिने चवीशिवाय जेवत होता आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. अपेक्षा जिन्याच्या पायरीवर बसून आमचं बोलणं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर कपडे वाळत घालायला गेले होते. तो गॅसपाशी उभा राहून पिठलं ढवळत होता. थोडा वेळ ढवळलं आणि त्याने हाक मारली.

"अपेक्षा, हितं ये. मला कळत न्हाय. जरा मीठ बघ."

ती आली, पण दोन हात लांब उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. पोरांना डावाचा वास लगेच येतो. मोठ्या माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यात तो दिसतो त्यांना. अभिमन्यूच्या तोंडावर डाव नव्हता, कारण त्या तोंडावर तेव्हा काहीच नसायचं.

"गिळू नगं," तो म्हणाला. "जिभेला लाव आन् थुंकून टाक."

तिने चमच्याचं टोक जिभेला लावलं, मोरीत जाऊन थुंकली आणि परत आली. "कमी हाय."

त्याने चिमूटभर घातलं. "आता?"

तिने पुन्हा लावलं, पुन्हा थुंकली. "आता हाय."

त्याने गॅस बंद केला, पिठलंभाकरी घेतली आणि जेवायला बसला. ती समोर बसून तो जेवेपर्यंत बघत राहिली. स्वतः दहीभातच खाल्ला. पण तो जेवला तो तिच्या सांगण्यावर जेवला, हे तिला कळलं होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हाक यायची, मीठ बघ. खायला शिकवायचं म्हणून तो हाक मारत होता असं मला वाटत नाही. त्याला खरंच कळत नव्हतं आणि घरात दुसरी जीभ नव्हती. पुढे तो विचारायला लागला, कसं लागतंय? तिला सांगावं लागायचं, आणि सांगायचं तर तोंडात थोडं जास्त वेळ धरावं लागायचं. मटकी कशी लागते? मातीसारखी, पण बरी माती. शेंगाची चटणी? आधी काय न्हाय, मग पळत येतं. दोडका? त्यावर तिने फार विचार केला आणि सांगितलं की दोडक्याला स्वतःचाच कंटाळा आलाय. मी खाली एकटीच हसले. अभिमन्यू हसला नाही. मान हलवून तो दोडका जेवला.

थुंकणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बहुतेक संक्रांतीच्या सुमाराला. शिमग्यापर्यंत ती कडक भाकरी चुरून मटकीच्या रश्शात खायला लागली होती, दह्यात शेंगाचटणी कालवून मागत होती. वांगं नको होतं, शेपूचा वास आला की ती घराबाहेर जायची. अंबाडी घरात येतच नव्हती. अभिमन्यू मंडईत तिच्या जुडीसमोरून नुसता पुढे जायचा, मी पाहिलंय. कुणी तिला शाबासकी देत नव्हतं, कुणी किती खाल्लं ते विचारत नव्हतं. मला इतक्या वेळा तोंड उघडावंसं वाटलं, पण गप्प राहिले. माझ्या मानाने ते फार झालं.

मग ज्येष्ठ लागला. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं आणि अभिमन्यूने बोटं मोजली असावीत. एका रविवारी त्याने केळीचं पान आणलं. भात, वरण, दोन भाज्या, वांगंसुद्धा, कोशिंबीर, सगळं वाढलं आणि मुलीला बसवलं.

"मीठ बघायचंय?" तिने विचारलं.

"न्हाय. आज खायाचं. समदं."

तिने चमचा खाली ठेवला.

दोन तास बसली होती. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दूधभात. मटकी नाही, चटणी नाही, आणि मीठ बघायलाही ती येईना. सात महिन्यांचं सगळं त्या एका पानावर गेलं. माझा तोल सुटला. मी जिन्यातच त्याला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "ती तितं उपाशी बसली आसंल, बाई. माझ्या शब्दावर इश्वास ठिऊन शिवली ती पिंडाला. आता तिला काय सांगू?"

कावळ्यावर माझा विश्वास नाही, हे मी त्याला कितीही वेळा सांगू शकले असते. त्याचा उपयोग नव्हता. मी खाली आले.

वर्षश्राद्धाला मी पुन्हा गेले. बजाबाईने पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. अंबाडी मात्र अभिमन्यूने स्वतः केली. दुधनीच्या पद्धतीची वैजयंतीला आवडायची आणि बजाबाईला ती येत नव्हती. त्याने वर्षात पहिल्यांदा ती जुडी हातात घेतली. अपेक्षा शेजारी बसून पानं खुडत होती, पण बोलत नव्हती. भाजी शिजली तेव्हा त्याने सवयीने तिच्याकडे बघितलं. बजाबाई चुलीपासून म्हणाली, "श्राद्धाचं चाखायचं नसतं रं." त्याने झाकण ठेवलं.

दुधनीहून वैजयंतीची आई सोनाबाई दहाव्यासारखीच आताही आली होती. ओसरीवर ती, मी आणि अभिमन्यू एवढेच असताना तो तिच्यासमोर खाली बसला.

"मामी, शबुद पाळता आला न्हाय मला."

"कंचा शबुद?"

"दहाव्याला दिलेला. पोरगी समदं खात न्हाय आजून. मीच बिघडवलं."

सोनाबाई त्याच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "जावईबापू, तुमी मोठ्यानं बोलला. मी बी त्याच वक्ताला बोलले हुते, मनात. म्हनलं, वैजू, तुझ्या लेकीला कुनी दाबून खाऊ घालनार न्हाई, तू जा बिनघोर."

अभिमन्यूने वर बघितलं.

"तिला मी नाक दाबून भरवलं हुतं, ल्हान असताना. हीच पुंडीपल्ले. बारा वर्साची हुईस्तवर तिनं अंबाडीला हात लावला न्हाई. मग एक दिस आपल्या आपन खाल्ली. लगीन झाल्यावर एकदा मला म्हनली, आई, मला भाजीची चव लई उशिरा कळली. तेवढंच म्हनली. ते माझ्या काळजात ऱ्हायलंय." तिने पदराने तोंड पुसलं. "आता कावळा तुमचं ऐकून आला का माझं, काय म्हाईत."

 मला अभिमन्यूच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही.

बारा वाजता पान वाढून परसातल्या कट्ट्यावर ठेवलं. भात, वरण, कढी, गवार, वडे, खीर आणि अंबाडी. आम्ही सगळे मागे सरलो. अपेक्षा सरली नाही. ती कट्ट्यापाशी गेली, टाचा उंच केल्या आणि वरणात बोट बुडवून चाटलं. मग कढी. मग गवार.

"आगं आगं, उष्टं केलं की पान," बजाबाई पुढे धावली. सोनाबाईने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या विहीनबाई. आईचंच पान हाय तिच्या."

अपेक्षाने मागे वळून आजीला समजावलं, "आईच्या पानातलं मीठ कुनीच बघितलं न्हाय." आणि ती पुन्हा कामाला लागली. वडा, भात, खीर. शेवटी अंबाडी. एकही गोष्ट तिने थुंकली नाही. अंबाडी तोंडात धरून ती जरा वेळ उभी राहिली, गिळली आणि म्हणाली, "बाबा, हिच्यात मीठ न्हाय."

पानातलं सगळं. मला वर्षापूर्वीचं त्याचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. त्याला ते आठवलं की नाही, कोण जाणे. तो कट्ट्यापाशी गेला, अंबाडीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि उभा राहिला. खूप वेळ उभा राहिला.

"न्हाय," तो म्हणाला. "खरंच न्हाय. आळणी हाय."

मग तो मीठ आणायला घरात गेला. चिमूट धरून बाहेर येतो तोवर कावळा उतरला होता आणि अंबाडीतच चोच घालत होता.

"आईनं अळणीच खाल्लं," अपेक्षा म्हणाली.

"खाऊ दे," सोनाबाई म्हणाली. "तिला कायम घाईच हुती."

अभिमन्यू चिमूट तशीच धरून पंक्तीला येऊन बसला. ताटात अंबाडी वाढून घेतली, ते मीठ तिच्यात घातलं, कालवलं आणि घास घेतला. अपेक्षा त्याला चिकटून बसली होती, हाक येईल म्हणून वाट बघत. हाक आली नाही. त्याने दुसरा घास घेतला.

"आंबट हाय," तो तिला म्हणाला.